चरबी कढवायची कशी, वापरायची कुठे: बोकडाच्या चरबीपासून साबण, दिवा आणि वंगणापर्यंत

मटण घेताना आपल्यापैकी बहुतेकजण खाटकाला एकच गोष्ट बजावतात: "चाचा, चरबी टाकू नका." चाचाही ती सुरीने सोलून बाजूच्या पाटीत टाकतात, आणि संध्याकाळी ती पाटी कुठे जाते हे कुणी विचारत नाही. त्या पाटीतली बरीचशी चरबी घरी आणण्याच्या लायकीची असते. आपल्या ताटासाठी जनावर कापलं गेलं, तर त्याचा कण न् कण कामी लागावा असं मला मनापासून वाटतं. शिवाय चरबी ही फार गुणी वस्तू आहे. नीट कढवली तर ती महिनोन् महिने टिकते. ती खाता येते, जाळता येते, तिचा साबण होतो, आणि लोखंडाला न् चामड्यालाही ती लावता येते.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांमध्ये मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या करत, तशीच चरबी कढवून ठेवत आणि तेल परवडत नसे तेव्हा तिच्यातच कालवण करत. गरजेतून आलेली आणि पिढ्यान् पिढ्या जपलेली ही जाण होती. बाकीच्या समाजाने तिच्याकडे नाक मुरडून पाहिलं, म्हणून ती पाकपुस्तकांत फारशी आली नाही. आज परदेशात हीच चरबी सुंदर बरणीत भरून महागड्या किमतीला विकली जाते. म्हणून आधी हे श्रेय द्यावं आणि मग कामाला लागावं.

सगळी मेख पाण्यात

कच्ची चरबी म्हणजे नुसता स्निग्धांश नव्हे. तिच्यात पाणी असतं, रक्ताचा अंश असतो आणि चरबीला धरून ठेवणारं पातळ पापुद्र्यांचं जाळं असतं. कुजण्याचं काम जंतू करतात, आणि जंतूंना पाणी न् प्रथिनं लागतात. ही दोन्ही काढून टाकली की उरतो तो शुद्ध स्नेह. त्यात जंतूंचं काही चालत नाही. लोणी कढवून तूप करतो तेव्हा आपण नेमकं हेच करतो: पाणी उडून जातं, बेरी खाली बसते आणि तूप टिकतं. ज्याला तूप कढवता येतं त्याला चरबी कढवता येते. फक्त वेळ जास्त लागतो आणि खिडकी उघडी ठेवावी लागते.

कोणती चरबी आणायची

सगळ्यात चांगली ती गुर्द्याभोवतीची. ती पांढरीशुभ्र आणि टणक असते, बोटांनी दाबली तर भुरभुरते. तिला वास कमी आणि तिच्यात मांसाचे धागे जवळजवळ नसतात. साबण, दिवा, वंगण या सगळ्याला हीच घ्यावी. पोटातल्या आतड्यांवर जाळीसारखी पसरलेली पातळ चरबी दुसऱ्या नंबरची. पाठीवरची आणि मांडीवरची, मांस चिकटलेली चरबी स्वयंपाकाला चालते, पण ती साफ करायला वेळ खाते आणि वासही जास्त धरते.

खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा: "चाचा, उद्या गुर्द्याची चरबी बाजूला ठेवा, किलोभर." सकाळी पहिल्या बोकडाचीच घ्या. दिवसभर पाटीत पडलेली, माश्या बसलेली चरबी फुकट मिळाली तरी नको. पिवळसर झालेली, चिकट लागणारी किंवा आंबूस वासाची चरबी कढवून सुधारत नाही.

पुण्याच्या बाजूला राहणाऱ्यांना बोल्हाईचं मटण ठाऊक असेल. वाडेबोल्हाईच्या देवीला मानणारी घरं बोकडाऐवजी मेंढीचं मटण खातात, म्हणून ते वेगळ्या दुकानात मिळतं. मेंढीची चरबी बोकडाच्या चरबीइतकीच टणक असते, पण तिचा वास उग्र. तिला कढवताना पाण्याची एक फेरी जास्त द्यावी.

डुकराची चरबी मऊ असते, अंगाच्या उष्णतेच्या आसपासच वितळू लागते, आणि भाजणी-बेकिंगला उत्तम. गोव्यात सोरपोतेल हा डुकराच्या मांसाचा पदार्थ दोन-चार दिवस मुरवतात तेव्हा वर जमणारा चरबीचा थर आणि आतला व्हिनेगर मिळून ते सांभाळतात. कोंबडीची चरबी तर फ्रिजमध्येही घट्ट गोठत नाही. ती फक्त स्वयंपाकाला ठेवावी, आणि लवकर संपवावी.

पाण्यातली कढवणी

माझ्या मते घरच्यासाठी हीच पद्धत. पाणी असल्यामुळे चरबी करपत नाही आणि रंग पांढरा येतो.

चरबी आधी दोन तास फ्रिजरमध्ये ठेवा. घट्ट झाली की सुरीखाली सरकत नाही. मांसाचे लाल धागे, रक्ताच्या गाठी, गुर्द्याचा पापुद्रा काढून टाका आणि तिचे जितके बारीक होतील तितके तुकडे करा. मिक्सरला थोडी थोडी फिरवली तरी चालते, पण थंड असतानाच. तुकडे मोठे राहिले तर आतली चरबी सुटायला दुप्पट वेळ लागतो.

जाड बुडाच्या पातेल्यात एक किलो चरबीला अर्धा लिटर पाणी आणि एक मोठा चमचा मीठ घाला. पातेलं निम्म्याहून जास्त भरू नका. मंद आचेवर, झाकण न ठेवता, अधूनमधून हलवत दोन ते तीन तास ठेवा. खळखळ उकळी नको, बुडबुडे सावकाश यायला हवेत. पाणी आटत आलं तर गरम पाणी घाला. तुकडे आक्रसून तपकिरी व्हायला लागले आणि वर पिवळसर स्वच्छ तेल दिसलं की गॅस बंद करा.

आता आधी स्टीलच्या गाळणीतून आणि मग दुहेरी केलेल्या सुती पंच्यातून दुसऱ्या पातेल्यात गाळा. गाळणीत उरलेले कुरकुरीत तुकडे टाकू नका. तव्यावर आणखी थोडे परतून वर कांदा, लाल तिखट आणि लिंबू पिळलं की भाकरीबरोबर संपूर्ण वाटी जाते.

गाळलेलं पातेलं रात्रभर थंड जागी ठेवा. सकाळी वर चरबीची पांढरी वडी तयार असते आणि खाली गढूळ पाणी. कडेने सुरी फिरवून वडी उलटी काढा. तिच्या पोटाशी करडा, जेलीसारखा थर लागलेला दिसेल. तो सुरीने खरवडून काढा. प्रथिनं सगळी तिथेच बसलेली असतात, आणि चरबी नासते ती याच थरामुळे.

स्वयंपाकाला एक फेरी पुरते. साबण, दिवा किंवा त्वचेसाठी वापरायची असेल तर वडी पुन्हा स्वच्छ पाण्यात वितळवून हेच दोनदा करा. दुसऱ्या फेरीत मीठ चालेल, शेवटच्या फेरीत मात्र साधं पाणीच. मिठाचा अंश राहिला आणि ती चरबी कोयत्याला लावली, तर गंज थांबण्याऐवजी वाढेल.

शेवटची पायरी बहुतेकजण विसरतात, आणि मग बरणीत बुरशी आली म्हणून चरबीला दोष देतात. खरवडलेली वडी कोरड्या कढईत मंद आचेवर वितळवा आणि उरलेलं पाणी उडवून द्या. सुरुवातीला तडतड होईल, बारीक फेस येईल. तडतड थांबली, फेस विरला आणि तेल आरशासारखं स्थिर झालं की पाणी गेलं. धूर येईपर्यंत तापवायचं नाही. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ११० अंश सेल्सियसवर बुडबुडे नसणं ही खात्रीची खूण.

पाण्याशिवाय, कोरडीच कढवण्याची पद्धतही आहे: तुकडे थेट कढईत, अगदी मंद आच, सतत हलवायचं. वेळ कमी लागतो आणि चव खमंग येते, पण लक्ष हटलं की करपते. स्वयंपाकापुरतीच ठीक. गुर्द्याची चरबी असेल तर एका किलोमागे पाऊण किलोच्या आसपास शुद्ध चरबी हाती येते, मांस लागलेली असेल तर कमी.

कढवताना एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. चरबीने पेट घेतला तर तिच्यावर पाणी टाकायचं नाही. पाणी क्षणात वाफ होतं आणि पेटती चरबी छतापर्यंत उडवतं. गॅस बंद करायचा, पातेल्यावर घट्ट झाकण किंवा परात सारायची, आणि पातेलं न हलवता गार होऊ द्यायचं. म्हणूनच कढवायला बसताना मापाचं झाकण शेजारी ठेवायचं. प्रेशर कुकर या कामाला आणायचाच नाही.

बरणी आणि तिच्यावरची चिठ्ठी

चरबीचे दोन वैरी उरतात: हवा आणि उजेड. त्यांच्यामुळे ती खवट होते. उन्हात वाळवलेल्या, पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ती कोमट असतानाच गळ्यापर्यंत भरा. तांब्या-पितळेचं भांडं नको, त्या धातूंनी खवटपणा लवकर येतो. हिवाळ्यात अंधाऱ्या फडताळात काही महिने टिकते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ती बरणीतच पातळ होते, तिथे फ्रिज हवाच. फ्रिजमध्ये वर्षभर राहते. ओला चमचा कधीच घालू नका. उंदरांना तिचा वास लांबून लागतो, म्हणून प्लास्टिकचा डबा नको.

बरणीवर तारखेबरोबर जनावराचं नाव लिहा, मोठ्या अक्षरात. आपल्या देशात ही गोष्ट क्षुल्लक नाही. एन्फिल्ड रायफलच्या कागदी काडतुसांना ओल लागू नये आणि गोळी नळीत सहज सरकावी म्हणून चरबीचं वंगण लावत. त्यात गाईची आणि डुकराची चरबी आहे ही बातमी छावण्यांत पसरली आणि १८५७ च्या उठावाला ते एक मोठं कारण ठरलं. कुणाच्या श्रद्धेत काय बसतं हे त्यानेच ठरवायचं असतं. तुमच्या घरी जेवायला आलेल्याला, तुमचा साबण भेट घेणाऱ्याला, तुम्ही वंगण लावलेली चप्पल वापरणाऱ्याला आधी स्पष्ट सांगा. बाजारातल्या साबणाच्या वेष्टनावर सोडियम टॅलोवेट असं घटकाचं नाव दिसलं तर तो जनावराच्या चरबीचा साबण असतो, आणि सोडियम पामेट म्हणजे पामतेलाचा. आपण विकत घेताना हे पाहतो, तर देतानाही सांगायला हवं.

स्वयंपाकात

बोकडाची चरबी साधारण ४५ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे आपल्या तोंडाच्या उष्णतेपेक्षा वर. म्हणून गार झालेला रस्सा टाळूला चिकटतो. उपाय एकच: या चरबीतलं काहीही गरमागरम वाढायचं. सुक्या मटणाचा मसाला परतताना निम्मं तेल आणि निम्मी चरबी घेतली की चव खोल उतरते. उकडलेले बटाटे तिच्यात परतले तर कडा अशा खुसखुशीत होतात की तेलात तसे होत नाहीत. खिम्याला आणि डाळीच्या फोडणीला एक चमचा पुरे.

तिच्यातला जवळजवळ निम्मा भाग संपृक्त स्निग्धांश आहे, आणि एका मोठ्या चमच्यात शंभराहून जास्त कॅलरी असतात. ती "सुपरफूड" असल्याचे दावे समाजमाध्यमांवर फिरतात. त्यांच्या नादी लागू नये. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताटात घेऊ नये. रोजच्या तेलाला पर्याय म्हणून मी तिच्याकडे पाहत नाही. आठवड्यातून एखाद्या पदार्थाला चव देण्यापुरती ती आहे.

वीज गेल्यावरचा दिवा

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पुराने वेढा घातला तेव्हा कितीतरी गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. अशा वेळी मेणबत्त्या पहिल्याच रात्री संपतात, दुकानं पाण्यात असतात. फडताळातली चरबीची बरणी तेव्हा रात्री काढून देते.

गोठलेल्या चरबीत आडवी वात लावली तर ती विझते, कारण ज्योतीपर्यंत पातळ चरबी पोचतच नाही. इथे तुपाच्या दिव्याची फुलवात कामी येते. कापसाची फुलवात वळा, वितळलेल्या चरबीत पूर्ण भिजवा, स्टीलच्या छोट्या वाटीच्या मधोमध उभी करा आणि भोवती चरबी ओतून गोठू द्या. पेटवल्यावर ज्योतीच्या उबेने भोवतालची चरबी हळूहळू वितळत राहते आणि वात तिला वर ओढून घेते. वाटी पसरट नको, नाहीतर कडेची चरबी गोठलेलीच राहते. वात जाड असेल तर काजळी धरते, ती कात्रीने कापून बारीक करावी. दोनदा धुतलेल्या चरबीला वास फारच कमी येतो. हा दिवा देवघरात लावायचा नाही हे सांगायला नकोच.

कॅनडा आणि ग्रीनलंडच्या बर्फाळ प्रदेशात इन्युइट लोकांनी हजारो वर्षं घर उजळलं आणि उबदार ठेवलं ते याच तत्त्वावर. मऊ दगडाचा पसरट दिवा, त्यात सीलची चरबी, आणि काठाला शेवाळाची किंवा रानकापसाची वात. त्या एका दिव्यावर बर्फ वितळवून पिण्याचं पाणी व्हायचं, अन्न शिजायचं, ओले कपडे वाळायचे.

इंग्लंडच्या खेड्यांत गरीब लोक पाणथळीतल्या लव्हाळ्याची साल सोलून आतला गर चरबीत बुडवत आणि तोच काडीसारखा जाळत. गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने १७७५ मध्ये त्याचा हिशेब लिहून ठेवला. सुमारे ७२ सेंटिमीटर लांबीची एक काडी ५७ मिनिटं जळली. चरबीत थोडं मधमाशांचं मेण घातलं तर काडी कमी चिकट होते आणि जास्त वेळ जळते, हेही त्याने नोंदवलं. मेणबत्ती करणाऱ्यांना ही सूचना आजही उपयोगी आहे. आपल्या हवेत नुसत्या चरबीची मेणबत्ती उभ्या उभ्या वाकते. चार भाग चरबीला एक भाग मधमाशांचं मेण घातलं तर ती थोडा तग धरते, पण उन्हाळ्यात वाटीतला दिवाच बरा.

चूल पेटवायलाही चरबी कामाची. कापसाचे बोळे चरबीत बुडवून, गार करून, जुन्या औषधाच्या डबीत ठेवा. पावसाळ्यात ओल्या सरपणाखाली एक बोळा थोडा फुलवून ठेवला आणि काडी लावली की तो चार-पाच मिनिटं सलग जळतो. किल्ल्यावर किंवा राखीव जंगलात मात्र हा प्रयोग करू नये, तिथे आग पेटवणं गुन्हा आहे.

साबण

चरबीचा खरा सन्मान साबणात होतो असं मला वाटतं. बोकडाच्या चरबीचा साबण टणक असतो, पाण्यात लवकर विरघळत नाही आणि त्याचा फेस मलईसारखा बारीक येतो. मोठा फेस हवा म्हणून थोडं खोबरेल घालतात. चरबी आणि क्षार एकत्र आले की साबण का होतो हे फ्रान्सच्या मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडलं. चरबीतून स्निग्धाम्लं आणि ग्लिसरीन वेगळं होतं, आणि स्निग्धाम्लं क्षाराशी जोडली जाऊन साबण बनतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या गृहिणी तव्यातली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे नेऊन देत, कारण तिच्यातल्या ग्लिसरीनपासून स्फोटकं बनत.

घरचं माप असं:

दोनदा धुतलेली बोकडाची चरबी ४०० ग्रॅम
खोबरेल तेल १०० ग्रॅम
कॉस्टिक सोडा ६८ ग्रॅम
थंड पाणी १५० ग्रॅम, शक्यतो डिस्टिल्ड

सगळं वजनानेच घ्या, वाटीच्या मापाने नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा नसेल तर साबण करूच नका. या मापात सगळ्या चरबीला लागेल त्यापेक्षा सोडा थोडा कमी धरला आहे, म्हणजे साबणात मोकळा सोडा राहत नाही आणि थोडी चरबी शिल्लक राहून कातडी कोरडी पडत नाही. तेल बदललं तर सोड्याचं मापही बदलतं. नुसत्या खोबरेलाला चरबीपेक्षा बराच जास्त सोडा लागतो, म्हणून अंदाजाने अदलाबदल करू नका.

कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळा जाळतो. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि लहान मुलं दुसऱ्या खोलीत. भांडी स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची घ्या. अॅल्युमिनियमचं पातेलं सोडा खाऊन टाकतो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. गॅलरीत किंवा अंगणात उभं राहून सोडा पाण्यात घाला, थोडा थोडा, हलवत. पाणी सोड्यावर कधीच ओतू नका, ते उसळून अंगावर येतं. मिश्रण आपोआप उकळत्या पाण्याइतकं तापेल, त्याची वाफ नाकात जाऊ देऊ नका. कातडीवर थेंब पडला तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा. डोळ्यात गेला तर पाण्याने धुत धुतच दवाखाना गाठा.

चरबी आणि खोबरेल एकत्र वितळवा. सोड्याचं पाणी आणि चरबी दोन्ही ५० अंशांच्या आसपास आली की हे पाणी चरबीत बारीक धारेने ओता आणि हलवत राहा. हँड ब्लेंडर असेल तर थांबून थांबून फिरवा. चरबी फार गार झाली तर ती नुसती गोठते आणि साबण होतोय असा भास होतो. मग साच्यात एकीकडे चरबी न् एकीकडे सोडा राहतो, म्हणून ऊब सांभाळा. मिश्रण कस्टर्डसारखं दाट झालं आणि चमच्याने सोडलेली धार वर क्षणभर तशीच दिसली की ओतायची वेळ झाली.

दुधाचा रिकामा कागदी खोका किंवा बटर पेपर लावलेली लाकडी पेटी हा उत्तम साचा. टॉवेलात गुंडाळून एक-दोन दिवस ठेवा, मग मोजे घालूनच बाहेर काढा आणि वड्या कापा. कापल्यावर आत पाण्याचे थेंब साठलेले किंवा पांढरे कोरडे खडे दिसले, तर तो घाणा अंगाला लावायचा नाही. चांगल्या वड्या जाळीवर, वारा लागेल अशा जागी चार ते सहा आठवडे वाळवा. या काळात जादा पाणी उडतं आणि साबण टणक होतो. घाई केली तर मोरीतल्या साबणदाणीत त्याचा चिखल होतो.

लोखंड, लाकूड, चामडं

कोकणात पावसाळ्यात कोयता दोन दिवस टांगून ठेवला तरी तांबूस होतो. अवजार आधी घासून कोरडं करा, चुलीजवळ थोडं गरम करा, आणि चरबीचा फडका फिरवा. मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळी पुसून काढा. जाड थर धूळ धरतो, पातळ पापुद्रा ओल अडवतो. विळी, खुरपं, कुऱ्हाड, पावसाळ्यानंतर माळ्यावर जाणारी कुदळ, सगळ्यांना हाच उपचार. विळीवर पुन्हा भाजी चिरायची असेल तर आधी गरम पाण्याने धुवा.

बिडाचा नवा तवा तयार करायलाही हीच रीत. धुवून, आचेवर पूर्ण कोरडा करून, चरबीचा पातळ हात फिरवायचा, पुसायचा, आणि धूर निघून थांबेपर्यंत तापवायचा. असं तीन-चार वेळा केलं की तव्यावर काळसर चकाकी येते आणि घावन चिकटत नाही.

सागवानी फळीत स्क्रू फिरत नसेल तर त्याच्या पेचावर चरबी चोळा. अडकणाऱ्या कपाटाच्या खणाला खालून लावा.

चामड्यासाठी दोन भाग चरबी, एक भाग मधमाशांचं मेण आणि एक भाग तीळतेल मंद आचेवर एकजीव करून डबीत गोठवा. बूट किंवा बैलाच्या गळ्यातला चामडी पट्टा स्वच्छ आणि कोरडा करून बोटाने हलकेच चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. चामडं काळवंडतं हे आधीच गृहीत धरा, म्हणून फिकट रंगाच्या वस्तूला लावू नका. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या कोल्हापुरी चपलेला वर्षातून एकदा, तोही पावसाळा संपल्यावर, पातळ हात पुरतो. पावसाच्या तोंडावर जाड थर दिला तर बुरशी धरते. वर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी असेलच असं नाही. चरबीतले घट्ट अंश वर येऊन बसतात. कोमट फडक्याने पुसले तर जातात.

फुटलेल्या टाचांना चरबी चालते, पण खरं सांगायचं तर कोकणातलं कोकमतेल त्याहून सरस आहे. जखमेवर, भाजलेल्या जागी किंवा तान्ह्या बाळाच्या अंगाला मात्र घरची चरबी लावू नये.

पेमिकन: चरबीवर चाललेला प्रवास

उत्तर अमेरिकेतल्या क्री, मेटी आणि इतर लोकांनी बायसन या रानबैलाचं बिनचरबीचं मांस वाळवून, कुटून, जवळजवळ तेवढ्याच वजनाच्या वितळलेल्या चरबीत मिसळून पेमिकन बनवलं. कधी त्यात सुकवलेली रानफळंही घालत. चामड्याच्या पिशवीत भरलेलं ते अन्न महिनोन् महिने टिके. फरचा सगळा व्यापार त्याच्यावर इतका अवलंबून होता की १८१४ मध्ये आजच्या कॅनडातल्या रेड रिव्हर वसाहतीच्या गव्हर्नरने पेमिकन बाहेर नेण्यावर बंदी घातली आणि त्यातून पेटलेला वाद १८१६ च्या सेव्हन ओक्सच्या रक्तपातापर्यंत गेला. पुढे दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या मोहिमांच्या शिदोरीतही पेमिकन असे.

यात चरबी चवीसाठी नव्हती. बर्फात नुसतं सशासारखं कोरडं मांस खाऊन राहिलं तर पोट भरूनही भूक शमत नाही, हगवण लागते, अंगातली शक्ती जाते. शरीर फक्त प्रथिनांवर चालत नाही. शंभर ग्रॅम चरबीत सुमारे ९०० कॅलरी असतात, तेवढ्याच वजनात याहून जास्त ताकद देणारं दुसरं अन्न नाही.

करून पाहायचं असेल तर बोकडाच्या मांडीचं मांस, चरबी पूर्ण काढून, पातळ पट्ट्यांत कापा. आधी ओव्हनमध्ये मांस आतून ७१ अंशांपर्यंत तापवा, म्हणजे जंतू मरतील, आणि मग ६० अंशांच्या आसपास पट्टी वाकवल्यावर मोडेल इतकी वाळवा. खलबत्त्यात कुटून भुगा करा. भुग्याइतक्याच वजनाची चरबी वितळवून, बोट सोसेल इतपत गार करून हळूहळू मिसळा, मीठ घाला, वड्या थापा. आपल्या दमट हवेत हे फ्रिजबाहेर महिनोन् महिने ठेवायचं धाडस करू नका. फ्रिजरमध्ये ठेवावं आणि निघताना सोबत घ्यावं. सह्याद्रीतल्या दोन दिवसांच्या भटकंतीला शेंगदाणा-गुळाचे लाडू पुरेसे आहेत. लडाख-हिमाचलच्या थंडीत पेमिकनची किंमत कळते.

ज्या चरबीला हात लावायचा नाही

रस्त्याच्या कडेला चादर पसरून घोरपडीचं, सांडा या वाळवंटी सरड्याचं, अस्वलाचं, वाघाचं तेल विकणारे भेटतात. सांधेदुखी, केस, मर्दानगी, सगळ्यावर इलाज म्हणून. या प्राण्यांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं संरक्षण आहे, विकणं आणि जवळ बाळगणं गुन्हा आहे, आणि त्या तेलाने सांधा बरा होत नाही. सांड्याला तर जिवंतपणीच कंबर मोडून टोपलीत ठेवतात. अशी बाटली दिसली तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे परदेशी कृतींमध्ये गाईगुरांची चरबी सांगितलेली असेल तिथे बोकडाची किंवा मेंढीची घ्यावी. काम तेच होतं.

उरलेली, खवट झालेली चरबी दिव्यात जाळून संपवा. मोरीत किंवा सिंकमध्ये ओतू नका. ती नळात गोठते आणि त्यावर कचरा साठत जातो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात अशीच चरबी आणि कचऱ्याची सुमारे २५० मीटर लांब, १३० टन वजनाची भिंत सापडली होती. भांड्याला लागलेली चरबी घासण्याआधी कागदाने पुसून घ्या, आणि तो कागद चुलीत किंवा कचऱ्यात टाका.